काळ्या समुद्रात जर्मन पाणबुड्या पोहोचल्या कशा?

प्रश्न : तुर्कस्तानने काळ्या समुद्रात शिरण्याच्या सामुद्रधुन्या युद्धनौकांसाठी बंद ठेवल्या असताना जर्मनीच्या ‘टाइप दोन-बी’ पाणबुड्या १९४२-४३ मध्ये काळ्या समुद्रात कशा उतरल्या?

प्रतिसाद १ : लहान आकारामुळेच. लांबी ४२.७ मीटर, वजन पृष्ठभागावर २७९ टन. जर्मनीतील कील बंदरात इंजिने, बॅटऱ्या आणि मनोरा उतरवून उरलेला सांगाडा तराफ्यांच्या आधाराने एल्बे नदीतून ड्रेस्डेनपर्यंत, तेथून अवजड ट्रेलरवर रस्त्याने इंगोलस्टाटला आणि पुढे डॅन्यूबमार्गे रोमानियात नेण्यात आला. अशा सहा पाणबुड्या गेल्या. अभियांत्रिकी म्हणून हे काम मला थक्क करते.

प्रतिसाद २ : वाहतूक थोर खरी, मात्र मारकशक्ती बेताची होती. पुढच्या बाजूला टॉर्पेडो सोडण्याच्या तीन नळ्या, मागे एकही नाही आणि टॉर्पेडो अवघे पाच. ते संपले की रोमानियातील कॉन्स्टान्त्साचा तळ गाठण्यावाचून गत्यंतर नसे.

प्रतिसाद ३ : तोच तळ ऑगस्ट १९४४ मध्ये रोमानियाने बाजू बदलल्यावर हातचा गेला. सहा पाणबुड्यांपैकी यू-९ सोव्हिएत विमानहल्ल्यात बुडाली, यू-१८ व यू-२४ कॉन्स्टान्त्साजवळ खलाशांनीच बुडवल्या. उरलेल्या यू-१९, यू-२० आणि यू-२३ यांना परतीची वाटच नव्हती, त्यामुळे सप्टेंबरमध्ये तुर्की किनाऱ्याजवळ त्यांनाही जलसमाधी देण्यात आली.