हापूसच्या पेटीला ब्लॉकचेन लावून खरंच काही फरक पडेल का?

बागकर_देवगड:
मे महिन्यात नवी मुंबईत रस्त्याकडेला एक पेटी घेतली, वर ठळक अक्षरात देवगड हापूस, वरचा थर बरा होता, खालची फळं कापली तर आत केशरी नाही, पिवळाधम्मक गर आणि वास शून्य. कर्नाटकचा माल. 2018 ला हापूसला जीआय, म्हणजे ठराविक भागातल्याच मालाला ते नाव लावता येईल असं मानांकन, मिळाला तो कागदावर, पेटीपर्यंत पोचलाच नाही.
दुसरं म्हणजे पट्टी, बाजारातल्या अडत्याकडून येणारा विक्रीचा हिशोब. काकांनी 40 पेट्या पाठवल्या, पट्टी आली 34 ची, सहा "खराब निघाल्या". कधी, कुठे, कोणी उघडल्या? विचारायची सोय नाही कारण वही अडत्याची, पेन त्याचं. बागायतदार, गाडीवाला, अडत्या, दुकानदार सगळ्यांनी एकाच वहीत लिहायचं, वही प्रत्येकाकडे आणि लिहिलेलं कोणाला मागाहून खोडता येणार नाही, एवढंच तर ब्लॉकचेन आहे ना? मग हे आपल्याकडे का नको?

कोडकर:
दोन वर्षं अशाच प्रोजेक्टवर होतो म्हणून कळकळीने सांगतो, नको. ब्लॉकचेन नोंदीची राखण करते, आंब्याची नाही. पहिल्याच माणसाने खोटं लिहिलं तर ते खोटं कायमचं पक्कं झालं. तुझी रिकामी खरी पेटी उचलून त्यात धारवाडचा माल भरला की स्कॅन केल्यावर दिसणार देवगड, आणि गिऱ्हाईक आत्तापेक्षा जास्त विश्वासाने फसणार.
मोठ्यांचं पण बघ. जहाज कंपनी मर्स्क आणि आयबीएमने 2018 ला कंटेनर वाहतुकीसाठी ट्रेडलेन्स नावाचं ब्लॉकचेन काढलं, नोव्हेंबर 2022 मध्ये बंद करत असल्याचं जाहीर केलं. सगळ्या जगाच्या शिपिंग धंद्याने जसं एकत्र यायला पाहिजे होतं तसं आलंच नाही.

सप्लायचेन_पुणे:
पण अमेरिकेतल्या वॉलमार्ट दुकानांचं उदाहरण का गाळतोस? त्यांनी मेक्सिकोतून येणाऱ्या कापलेल्या आंब्याचं पाकीट कुठल्या शेतातलं हे शोधायला सांगितलं, जुन्या पद्धतीने जवळजवळ सात दिवस लागले, ब्लॉकचेनवर 2.2 सेकंद. उद्या कुठल्या मालात काही दूषित निघालं तर सात दिवस सगळ्यांचाच माल फेकून द्यायचा का?

कोडकर:
ते 2.2 सेकंद नोंदी कॉम्प्युटरवर आल्या म्हणून आले. साध्या डेटाबेसवरही आले असते. आणि वॉलमार्टने सांगितलं की पुरवठादाराला नाही म्हणता येत नाही, आपल्याकडे तसं सांगणारा कोण आहे?

निफाड_द्राक्ष:
डेटाबेसचं बोलताय तर आमचं ऐका. शेतमाल निर्यातीचं काम बघणाऱ्या केंद्राच्या अपेडाचं ग्रेपनेट, निर्यातीच्या द्राक्षांचा माग ठेवणारा डेटाबेस, 2006 पासून आहे, प्रत्येक प्लॉटची नोंदणी, लॅबचा रिपोर्ट, सगळं त्यात. 2010 ला सीसीसी या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडले म्हणून युरोपात आमचे कंटेनर अडकले तेव्हा काय भोगलं ते आम्हालाच माहीत. पण त्यानंतर तपासणी कडक झाली आणि निर्यात परत उभी राहिली, ब्लॉकचेनशिवाय. कारण पलीकडे घेणारा कडक होता, रिपोर्टशिवाय माल आत घेतच नव्हता.

वाशी_गाळा:
अडत्याची बाजू पण ऐका राव. सीझनला पहाटे गाड्या लागतात, हमाल डोक्यावरून पेट्या उतरवतात, तिथे एकेक पेटी स्कॅन करायला कोण थांबणार? आणि खराब म्हणजे दरवेळी लबाडी नसते. साका फळ कापल्याशिवाय कळत नाही, बाहेरून आंबा देखणा, आत पांढरट स्पंजासारखा गर. गिऱ्हाईक परत आणून देतं, तो तोटा कोणाच्या नावावर टाकायचा ते तुमचं ब्लॉकचेन सांगणार आहे का?

बागकर_देवगड:
साक्याचं एकदम मान्य, ते कुठलंच मशीन लिहून ठरवणार नाही. पेटी पुन्हा भरण्याचं पण मान्य, म्हणून तर देवगडच्या बागायतदारांच्या संस्थेने 2025 च्या सीझनपासून पेटी सोडून प्रत्येक फळावर वेगळ्या नंबरचं स्टिकर आणलं. पण गाळेवाले दादा, साका निघाला तर निघाला, त्या फळाचा नंबरासकट फोटो त्याच दिवशी टाका, आम्ही तोटा निम्मा सोसू. आम्हाला पंधरा दिवसांनी नुसता आकडा मिळतो, त्याचा त्रास आहे. काका पट्टी हातात घेऊन पडवीत बसतात आणि परत परत बेरीज करतात, बेरीज बरोबरच असते.

वाशी_गाळा:
फोटो टाकू. एका बागेच्या 40 पेट्यांचं करून बघायला माझी ना नाही, सगळ्या बाजाराचं मी बोलू शकत नाही.

कोडकर:
मग झालं की, 40 पेट्यांना एक एक्सेल शीट पुरते, ब्लॉकचेन कशाला?

बागकर_देवगड:
पुरेल. फक्त ती शीट कोणाच्या मोबाईलवर राहणार आणि त्यात बदल कोण करू शकणार, तेवढं आधी ठरवू.