हिवाळ्याच्या तोंडावर गॅस बंद ठेवणं बरोबर होतं का?

बोस्टनकर: २०१८ ला आम्ही अमेरिकेत बोस्टनजवळ अँडोव्हरला होतो, सप्टेंबरात गॅसचं प्रेशर वाढून घरं पेटली आणि मग कित्येक आठवडे गॅसच नाही, आंघोळीचं पाणी हॉटप्लेटवर पातेल्यात तापवायचो. एवढं बंद ठेवायची गरज होती का?

पाइपवाला: होती की! बिडाचे जुने पाइप बदलताना सेन्सिंग लाइन (रेग्युलेटरला पाइपातलं प्रेशर कळवणारी नळी) बंद केलेल्या पाइपवरच राहिली, तिथलं प्रेशर पडलं तसं प्रेशर सांभाळणारा रेग्युलेटर चालू लाइनीत गॅस सोडतच राहिला. असल्या जुन्या पाइपात परत गॅस कोण सोडेल?

चहाबाज: पण कॅलिफोर्नियात सॅन ब्रुनोत २०१० मध्ये गॅसची पाइपलाइन फुटून ८ माणसं गेली तेव्हा बाकीच्या लाइनचं प्रेशर २० टक्के उतरवलं होतं ना, सरसकट बंद नाही. पाइपांचं टेस्टिंग उन्हाळ्यातच उरका.

बोस्टनकर: उन्हाळ्यात कोणाला गॅस आठवतो राव