स्वतः आखलेल्या नमुन्यावरून कापडी कोल्हा: पोटपट्टी आणि डोक्याची पट्टी कशी आखावी?

नमस्कार. चार पायांवर उभा राहणारा एक कापडी कोल्हा मी शिवत असून त्याचा कागदी नमुना मी स्वतः आखला आहे. तयार नमुने पुष्कळ मिळतात, परंतु मला हवा असलेला कोल्हा मान पुढे काढून वास घेत उभा आहे आणि ही ठेवण मला कोणत्याही तयार नमुन्यात सापडली नाही. शेपूट सोडून त्याची लांबी ३० सेंटिमीटर आणि उंची २२ सेंटिमीटर असावी असा विचार आहे.

आखणी अशी केली आहे: आधी कोल्ह्याचे बाजूने दिसणारे चित्र प्रत्यक्ष मापात काढले आणि त्याच्या बाह्यरेषेवरून डावी व उजवी बाजू कापली. पोटाखाली एक पट्टी आहे, जिच्यात चारही पायांच्या आतल्या बाजू आल्या आहेत. आणि नाकाच्या टोकापासून दोन कानांच्या मधून मानेपर्यंत जाणारी दुसरी पट्टी डोक्याला रुंदी देते. सगळीकडे शिवणीसाठी ६ मिलिमीटर जागा सोडली आहे. हा नमुना मी मांजरपाटावर शिवून, भरून पाहिला. अंतिम खेळण्यासाठी आखूड लवेचे मऊ कापड आणले आहे, जे आडव्या धाग्यात ताणले जाते आणि उभ्या धाग्यात जवळजवळ ताणले जात नाही.

भरल्यानंतर पाय खाली सरळ न राहता बाहेर फाकतात, त्यामुळे कोल्हा उभा राहण्याऐवजी पोटावर बसू पाहतो. धड चित्रातल्यापेक्षा बुटके व जाड दिसते. आणि तोंड, जे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, एका बाजूला किंचित वळलेले आहे, वास्तविक डोक्याच्या पट्टीच्या दोन्ही कडा आणि बाजूच्या तुकड्यांच्या कडा मोजून सारख्या आहेत. पट्ट्यांची रुंदी अंदाजाने कमीजास्त करत राहण्यापेक्षा ती काढण्याची काही रीत असेल तर ती समजून घ्यायची आहे, कारण पुढे याच पद्धतीने आणखी प्राणी करण्याची इच्छा आहे.

कोल्हा ज्या मुलीसाठी आहे ती अजून तीन वर्षांची झालेली नाही. म्हणून डोळे आणि नाक दोऱ्यानेच भरणार आहे आणि आत तार घालण्याचा उपाय कृपया सुचवू नये. लहान सुट्या भागांच्या तपासणीसाठी वापरला जाणारा नळीसारखा साचा ३१.७ मिलिमीटर व्यासाचा असतो. साधी गुंडी किंवा मणी त्यात पूर्ण मावतो, म्हणजेच तो या वयाच्या मुलासाठी धोक्याचा ठरतो.

प्रतिसाद

तुमची आखणी समंजस आहे आणि तिन्ही अडचणींची कारणे वेगवेगळी आहेत. मी धडापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे पुष्कळसे त्यावर अवलंबून आहे.

चित्रात दिसते ती प्राण्याची उंची. कापडाला मात्र त्या उंचीच्या भोवती वळून जायचे असते. हे किती फरकाचे आहे ते पाहायचे असेल तर २० सेंटिमीटर व्यासाची दोन सपाट वर्तुळे कडेने जोडून भरून पाहा. कापड न ताणणारे असेल तर तयार होणाऱ्या उशीचा व्यास साधारण १५ सेंटिमीटर राहतो, जाडी ९ सेंटिमीटरच्या आसपास येते, आणि कडेला सगळीकडे सुरकुत्या पडतात. जाडी आली ती व्यासातून काढून घेतलेली असते. तुमचा कोल्हा बुटका दिसतो त्याचे कारण हेच आहे.

म्हणून उंचीऐवजी घेराचा हिशेब करा. समजा धड मध्यभागी ९ सेंटिमीटर उंच आणि तितकेच रुंद, म्हणजे जवळजवळ गोल हवे आहे. मग त्याचा घेर सुमारे २८ सेंटिमीटर होईल. पोटपट्टी त्या जागी ६ सेंटिमीटर ठेवली तर उरलेले २२ सेंटिमीटर दोन बाजूंमध्ये वाटायचे, म्हणजे प्रत्येक बाजूचा तुकडा तिथे ११ सेंटिमीटर उंच आखावा लागेल, जरी चित्रात ती उंची ९ असली तरी. असाच हिशेब छातीपाशी, कमरेपाशी आणि मानेपाशी स्वतंत्र करा आणि मिळालेले बिंदू हाताने सलग रेषेने जोडा. शिवणीची जागा या मापांत धरू नका. ती सर्वांत शेवटी बाहेरून वाढवा.

पायांच्या बाबतीत पोटपट्टीची रुंदी हे अर्धेच कारण आहे. पायाची आतली बाजू आणि पोट हा तुमच्याकडे एकच सपाट तुकडा आहे, आणि पाय खाली उभा राहायचा तर त्या तुकड्याला पायाच्या मुळाशी जवळजवळ काटकोनात मोडावे लागते. भरण त्या मोडीला गोल करते आणि पाय बाहेर ढकलला जातो. यावर उपाय म्हणजे प्रत्येक पायाच्या मुळाशी, जिथे पाय पोटाला मिळतो त्या रेषेवर, दोन्ही टोकांना निमुळता होणारा एक टक्स, म्हणजे कापड चिमटीत घेऊन आतून शिवलेली घडी, घालणे. मधोमध एकूण १ सेंटिमीटर कापड आत घेतले तरी फरक स्पष्ट दिसतो. टोकांना टक्स शून्यावर येत असल्यामुळे पट्टीच्या कडेची लांबी बदलत नाही आणि बाजूच्या तुकड्याशी तिचा मेळ बिघडत नाही, हा या रीतीचा मोठा गुण आहे. मी स्वतः पोटपट्टी मधोमध लांबीने कापून दोन भागांत करतो, कारण मग भरण्यासाठीचे तोंडही त्याच सरळ शिवणीत ठेवता येते.

प्रतिसाद

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे. तोंड वळण्याविषयी मी लिहिते.

आपण कडा मोजल्या त्या कापलेल्या कडा होत्या की टिपेच्या रेषा, हे कृपया पाहावे. बाहेर फुगलेल्या गोलाईवर कापलेली कड टिपेच्या रेषेपेक्षा लांब असते आणि आत वळलेल्या गोलाईवर ती आखूड असते. त्यामुळे कापलेल्या कडा तंतोतंत जुळल्या तरी शिवल्या जाणाऱ्या रेषा जुळतीलच असे नाही. कागदावर आतली रेषा आखून तिच्यावर दोरा बसवून मोजावे. डोक्याच्या पट्टीवर नाकाचे टोक, डोळ्याची जागा, कानाच्या दोन्ही कडा आणि मानेचा शेवट अशा खुणा कराव्यात आणि त्याच खुणा बाजूच्या तुकड्यांवर उतरवाव्यात. एकूण लांबी सारखी असूनही कापड डोळ्यापाशी एका बाजूने सरकले असेल तर तोंड वळते, आणि ते केवळ टोकापासून टोकापर्यंत मोजून लक्षात येत नाही.

दुसरे कारण यंत्राचे आहे. खालचे दाते खालचा थर पुढे नेतात आणि वरच्या दाबपट्टीमुळे वरचा थर किंचित मागे राहतो. पट्टीची एक बाजू नाकाकडून मानेकडे आणि दुसरी मानेकडून नाकाकडे शिवली तर हे सरकणे परस्परविरुद्ध दिशांना होते आणि डोक्याला पीळ बसतो. म्हणून दोन्ही बाजू नाकापासूनच सुरू कराव्यात, दोन्ही वेळा पट्टी वरच्या थरातच ठेवावी, आणि त्याआधी हाताने धावदोरा घालून घ्यावा. लव असलेल्या कापडात थर एकमेकांवरून आणखी सहज घसरतात, त्यामुळे तेथे धावदोरा वगळू नये. नाकाच्या टोकाशी तीन शिवणी एकत्र येतात. तेथे टीप कडेपर्यंत न नेता शिवणीच्या जागेइतके आधी, खूण केलेल्या बिंदूवरच थांबवावी. उलटवण्यापूर्वी आत वळलेल्या गोलाईवर टिपेच्या अलीकडे थांबणारे कात्रे द्यावेत आणि फुगीर गोलाईवर लहान त्रिकोण काढून टाकावेत.

एक गोष्ट आग्रहाने सांगते. मांजरपाटावरची चाचणी आकार समजण्यास उत्तम आहे, परंतु तिच्यावरून अंतिम मापे ठरवू नयेत, कारण आपले खरे कापड ताणले जाणारे आहे आणि मांजरपाट नाही. पुढची चाचणी तशाच ताणाच्या एखाद्या जुन्या विणलेल्या कापडावर करावी. कापडी खेळणी बनवणाऱ्या जर्मन कारागीर मार्गारेटे श्टाइफ यांनी १८८० मध्ये टाचण्या खोचण्यासाठी जे छोटे हत्ती शिवले ते फेल्टचे, म्हणजे न विणता लोकर दाबून केलेल्या कापडाचे, होते. फेल्टला ताणा-बाणा नसल्यामुळे तुकडा कोणत्या दिशेने कापावा हा प्रश्नच त्यात येत नाही. आपल्या कापडात मात्र तो येतो.

धागाकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. घेराचा हिशेब कळल्यावर बाजूच्या तुकड्यांची नवी आखणी सुरू केली आहे, आणि मानेचे माप किती अपुरे होते ते आता आकड्यांतच दिसते.

धाग्याच्या दिशेविषयी मात्र अडचण आली आहे. लव डोक्याकडून शेपटीकडे जावी म्हणून बाजूचा तुकडा कापडाच्या लांबीत आडवा ठेवला, तर ताण धडाच्या घेराच्या दिशेने येतो, आणि ते मला योग्य वाटते. परंतु पाय त्याच तुकड्यात असल्यामुळे पायांवर तोच ताण लांबीच्या दिशेने येतो, आणि लवही वरून खाली न जाता पायाच्या आडवी, मागच्या दिशेने पडते. अशा वेळी पाय वेगळे कापावेत का? तसे केल्यास मांडीवर शिवण दिसेल, जी मला शक्यतो नको आहे.

प्रतिसाद

धडासाठी तुमची निवड बरोबर आहे: ताण घेराच्या दिशेने असला की भरल्यावर प्राणी गुबगुबीत होतो, लांबत नाही. पाय एकत्र ठेवून त्याच कापडात घट्ट भरले तर ते लांबतील आणि गुडघ्यापाशी वाकतील, ही तुमची शंकाही खरी आहे.

दोन मार्ग आहेत. पाय एकत्रच ठेवायचे असतील तर पायांच्या आतल्या व बाहेरच्या दोन्ही तुकड्यांना उलट बाजूने न ताणणाऱ्या पातळ सुती कापडाचे अस्तर, शिवणीच्या जागेसकट, धावदोऱ्याने जोडून घ्या आणि मग दोन्ही थर एक समजून शिवा. पाय लांबणार नाहीत. लव आडवी राहील, पण आखूड लवेत ती फारशी जाणवत नाही. लांब लवेचे कापड असते तर मी हा मार्ग सुचवला नसता. दुसरा मार्ग पाय वेगळे कापण्याचा. कोल्ह्याच्या बाबतीत मला तो अधिक आवडतो, कारण त्याच्या पायांचा खालचा भाग काळपट असतो आणि रंग जिथे बदलतो तिथे शिवण घेतली तर ती मुद्दाम घेतलेली वाटते. मांडी धडाबरोबरच ठेवा, गुडघ्याच्या थोडे वर सौम्य गोलाईने कापा आणि खालचा काळा तुकडा उभ्या धाग्यात घ्या. मांडीपुरता ताण उरेल, परंतु तो भाग रुंद असल्याने तेथे तो उपकारकच ठरतो.

भरताना आधी पायांची टोके आणि तोंडाचे टोक, फायबरचे लहान लहान झुपके बोथट काडीने दाबत भरा. मग मान भरा, आणि ती धडापेक्षा घट्ट भरा, कारण पुढे काढलेल्या डोक्याचे सगळे वजन तिच्यावर येणार आहे. मान भरून झाल्यावर कोल्ह्याला डोके खाली करून हलकेच झटका. मानेत घडी पडली तर तेथे अजून भरण हवे आहे. पोट सर्वांत शेवटी आणि थोडे सैल ठेवा, म्हणजे ते पायांना बाहेर ढकलणार नाही. भरण्याचे तोंड दुहेरी दोऱ्याने, दोन्ही कडांतून आळीपाळीने आतून जाणाऱ्या शिडीच्या टाक्यांनी बंद करा आणि त्याच रेषेवरून दुसऱ्यांदा परत या. लहान मुलाच्या हातात जाणाऱ्या खेळण्याची शिवण तेवढी पक्की असायलाच हवी.

धागाकर्तीचे उत्तर

गुडघ्याच्या वर रंग बदलून शिवण घेण्याचा मार्ग स्वीकारते. काळ्या कापडाची लवही तेवढीच आखूड असल्याची खात्री करून घेईन. आधी फक्त डोके आणि एक पुढचा पाय जुन्या विणलेल्या कापडावर शिवून पाहते, आणि टक्स घातल्यावरही पाय फाकत असेल तर मापांसह येथेच विचारीन.