मेल मर्ज : वाचलेले तास आणि झालेल्या फजित्या

काल ऑफिसात नवीन लागलेली मुलगी सव्वाशे पत्रांतली नावं एकेक करून बदलत बसली होती. नाव खोडा, नवं लिहा, प्रिंट. मेल मर्ज (यादीतली नावं एकाच पत्रात आपोआप भरून प्रत्येकाचं वेगळं पत्र काढायची वर्डमधली सोय) दाखवलं तर म्हणाली, "सर, हे आधी का नाही सांगितलंत?" मलाही कुणी सांगितलं नव्हतं. वर्डमधला 'मेलिंग्ज' टॅब पोस्टाच्या कामाचा असेल म्हणून मी कित्येक वर्षं उघडलाच नव्हता. तुमचे अनुभव लिहा. फजितीचे आधी!

शाईचं पेन
मी शाळेत लिपिक. मुलांच्या जन्मतारखा एक्सेलमध्ये नीट होत्या, पत्रात मात्र ५ ऑगस्टचं ८/५ झालं, अमेरिकन पद्धतीने महिना आधी. ऑल्ट-एफ९ दाबलं की फील्डचा (यादीतली माहिती पत्रात जिथे येऊन बसते त्या जागेचा) कोड दिसतो, त्यात तारखेचा साचा लिहायचा. लिहिला. पुन्हा छापलं तर ०५/००/२०११! मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "हा शून्यावा महिना कुठला? अधिक मास का?" महिन्याचे दोन्ही एम कॅपिटल हवेत. छोटा एम म्हणजे वर्डच्या लेखी मिनिटं. हे कळेपर्यंत दीड रीम कागद गेला होता.

तिसरा मजला
सोसायटीची थकबाकीची पत्रं, ८४ फ्लॅट. पूर्वी अख्खा रविवार जायचा, आता चहा होईस्तोवर उरकतं. पहिल्या वेळी मात्र २३५०.१० रुपयांचे २३५०.०९९९९९९९९९९९९ छापले गेले. तळमजल्यावरचे काका पत्र घेऊन वर आले, "एवढी चिल्लर कुठून आणू?" आता एक्सेलमध्येच शेजारच्या रकान्यात टेक्स्ट फॉर्म्युला लावून रक्कम मजकूर करून घेते.

मामेभाऊ
बहिणीच्या लग्नाच्या पत्रिकांची लेबलं. नावांची यादी जुन्या कृतिदेव फॉन्टमधली (त्यात इंग्रजी अक्षरांनाच देवनागरीचं रूप दिलेलं असतं), वर्डमधलं फील्ड युनिकोडमध्ये (म्हणजे खऱ्या देवनागरी अक्षरांत). मावशीच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा. यादी युनिकोडमध्ये बदलून घेतली, तर आता पानभर एकच नाव, २४ मामा! 'नेक्स्ट रेकॉर्ड'ची, म्हणजे यादीतलं पुढचं नाव घे असं सांगणारी, खूण मीच कचरा समजून पुसली होती. आई म्हणाली, हातानेच लिही बाबा.

दुपारची झोप
ई-मेल पाठवायलाही हेच वापरलं. "सोबतचं पत्र पाहावे" असं लिहून १४० जणांना धाडलं. वर्डच्या मेल मर्जमध्ये अटॅचमेंट जोडायची सोयच नाही, हे उत्तरं यायला लागल्यावर समजलं. पहिलं उत्तर साहेबांचं.

शाईचं पेन
एक राहिलं. श्री. की श्रीमती, यासाठी 'रूल्स'मध्ये इफ-देन-एल्स (अमुक असेल तर हे, नाहीतर ते) आहे, यादीत फक्त लिंगाचा रकाना ठेवा. 'श्री./श्रीमती' छापून एक खोडत बसण्यापेक्षा बरं. शिवाय 'प्रिव्ह्यू रिझल्ट्स'मध्ये पहिली पाच-सहा पत्रं बघितल्याशिवाय प्रिंटरकडे जायचं नाही, हा माझा आता नेम आहे.

अधिक मास वाचून ऑफिसात मोठ्याने हसलो. मग आठवलं, त्या मुलीच्या सव्वाशे पत्रांतही तारीख आहे. पाकिटं अजून टेबलावर आहेत का, बघून येतो.