ब्रेडचे वॉफल मऊ पडतात त्याबद्दल

ब्रेडचे वॉफल, म्हणजे अंडी-दुधात बुडवून वॉफल मेकरच्या खळग्यांच्या साच्यात भाजलेल्या ब्रेडच्या स्लाइस, आतून गिजगिजीत राहत असतील तर सांगते. ताजा ब्रेड घेऊच नका. आदल्या दिवशीचा, जरा कडक झालेला घ्या. तो दूध ओढून घेतो, पण लगेच लगदा होत नाही. चार स्लाइसना दोन अंडी, अर्धी वाटी दूध, चमचाभर साखर, चिमूटभर मीठ, वेलचीपूड. स्लाइस बुडवून लगेच काढायची.

वॉफल मेकर आधी चांगला तापू द्या, बटर लावा आणि कडेची वाफ पार कमी होईपर्यंत झाकण उघडू नका. घाई केली की स्लाइस दोन्हीकडे चिकटून मधोमध फाटते. झाल्यावर एकावर एक रचू नका, जाळीवर ठेवा. आमच्याकडे वरून काकवी घालतात. खळग्याखळग्यांत साचते, फार सुरेख लागते!