१टी टॅन्टलम डायसल्फाइड: १८० केल्विनची उडी दिसत नाही

प्रश्न:
१टी टॅन्टलम डायसल्फाइडचे (टॅन्टलम आणि गंधकाचं थरांचं संयुग) स्फटिक वाढवायचे होते. टॅन्टलम पावडर ०.७३८ ग्रॅम, गंधक ०.२६२ ग्रॅम, वाफेतून वाहून नेण्यासाठी आयोडीन १६० मिग्रॅ. क्वार्ट्झ ट्यूब १८ सेंमी लांब, आतला व्यास १५ मिमी. गरम टोक ९५०, थंड टोक ८५० अंश सेल्सियस, दहा दिवस. मग फर्नेस बंद करून रात्रभर तशीच ठेवली. स्फटिक मोठे पण काळपट करडे आले. फोर-प्रोबवर (चार टोकं लावून मोजताना) थंड करत गेलं की रेझिस्टन्स धातूसारखा उतरतच जातो, १८० केल्विनला उडी नाही. गंधक कमी पडलं का?

उत्तर १:
आधी थंड करण्याची पद्धत बदला. १टी हे वरच्या तापमानाचं रूप. फर्नेस सावकाश निवली की त्याचं २एच, म्हणजे त्याच संयुगाचं दुसरं रूप, होतं. १टीवर सोनेरी झाक असते, तुमचा करडा रंग २एचचा. एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तन, तांब्याचं के-अल्फा किरण) पहिलं शिखर १टीला १५.० अंशांना, २एचला १४.६च्या आसपास. नमुन्याची उंची जराशी चुकली तरी इथे फसगत होते, म्हणून त्याच थरांचं चौथ्या ऑर्डरचं शिखर बघा, तिथे फरक मोठा दिसतो: १टी ६३.० अंश, २एच ६१.३.

पुढच्या खेपेला ट्यूब ९०० अंशांवर असतानाच चिमट्याने काढून थेट बर्फाच्या पाण्यात टाका. ट्यूब तडकते, फेस शील्ड हवंच. स्फटिक लगेच इथेनॉलने धुवा, नाहीतर आयोडीन चिकटून राहतं.

उत्तर २:
गंधक १५-२० मिग्रॅ जादा घ्याच. कमी पडला तर उडी पुसट होते. पण घाईने तापवू नका. ट्यूबमधला सगळा गंधक टॅन्टलमशी न जुळता वाफ झाला, तर या ३२ घन सेंमी जागेत ९०० अंशांना सुमारे १२ अ‍ॅटमॉस्फिअर दाब होतो. ४५० अंशांवर दिवसभर थांबा, मग चढवा. सील करताना खालचं टोक द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून मगच पंप लावा, नाहीतर आयोडीन पंपात जातं.

प्रश्नकर्ता:
१टी आणि २एच दोन्हींत टॅन्टलमकडे एकच डी-इलेक्ट्रॉन (डी कक्षेतला). मग उडी फक्त १टीलाच का?

उत्तर १:
गंधकाची मांडणी वेगळी. २एचमध्ये टॅन्टलमभोवती त्रिकोणी प्रिझम असतो आणि बँड (इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेचा पट्टा) अर्धा भरलेला, म्हणून तो धातूच राहतो. ७५ केल्विनजवळ ग्राफला बारीकसा बाक येतो, तेवढंच. १टीमध्ये अष्टफलक. तिथे १३ टॅन्टलम अणू ताऱ्याच्या आकारात जवळ येतात, १२ इलेक्ट्रॉन जोड्या लावतात, तेरावा एकटा उरतो. १८० केल्विनला ताऱ्यांची जाळी स्फटिकाच्या जाळीत नेमकी बसते आणि रेझिस्टन्स सुमारे दहापट चढतो. तापवताना तो २२०च्या आसपास परततो. फाझेकास आणि तोसात्ती या भौतिकशास्त्रज्ञांनी १९७९मध्ये याला मॉट इन्सुलेटर म्हटलं, म्हणजे एकटे इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात म्हणून जागीच अडकतात. शेजारच्या थरांतले तारे जोडी लावतात म्हणून गॅप (ऊर्जेतली फट, जिच्यामुळे वीज अडते) पडते, असंही आता मांडलं जातं. वाद मिटलेला नाही.

उत्तर २:
मोजणीच्या तारा चिकटवायची सिल्व्हर पेस्ट खोलीच्या तापमानालाच वाळवा. २८० अंश सेल्सियसच्या वर गेलात तर मिळवलेलं १टी पुन्हा २एच होऊ लागतं.