अण्णांची शिट्टी
आमच्या मंडळाचे अण्णा म्हणजे नुसती शिस्त अन् शिट्टी असं लोक म्हणतात, खोटं नाही, उशीर झाला की आमचेही कान पिळलेत त्यांनी. पण १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाची आठवण कुणी काढलीच नाही. गणपती विसर्जनाची रात्र, पहाटे चारच्या सुमाराला भूकंप, अन् अण्णा मंडळातल्या पोरांना टेम्पोत घालून निघाले, टिकाव-फावडी घेऊन. तिकडं सगळी माळवदाची घरं, दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचा हा एवढा थर, सगळं खाली बसलेलं. तिथं त्यांनी शिट्टी खिशात टाकली, गप राहा म्हणले, खालून कुणी हाक दिली तर ऐकू यायला पाहिजे. आम्हा बारक्यांना ढिगाऱ्यावर चढू दिलं नाही, वही देऊन सापडलेल्यांची नावं लिहायला बसवलं, अन् अक्षर वाकडं आलं की तिथंही रागवायचेच.